श्री. क. ख. ग. यांचा पाचवा तास

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला शाळेत कोणी विचारत नाही. गणिताच्या सरांना पालक वचकून असतात, शास्त्राच्या बाईंकडे प्रयोगशाळेची किल्ली असते, खेळाच्या सरांकडे शिट्टी असते. भूगोलवाल्याकडे काय, तर एक नकाशा, आणि तोही एकदा उलगडला की पुन्हा सरळ गुंडाळला जात नाही. तरीसुद्धा गेली एकोणीस वर्षं आमच्या शाळेत माझ्याशी कोणी चढ्या आवाजात बोललेलं नाही. कारण शाळेचं वेळापत्रक मी करतो.

यात काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी शाळेत नोकरी केलेली नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर नववी क कोणाच्या वाट्याला येणार, शनिवारचा शेवटचा तास कोणाच्या माथी मारायचा, कोणाचे लागोपाठ चार तास तिसऱ्या मजल्यावर ठेवून त्याचे गुडघे कामाला लावायचे, हे सगळं माझ्या हातात. सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात एरवी ओळख न दाखवणारी माणसं मला चहा विचारतात. खेळाच्या सरांनी तर एकदा माझी स्कूटर पुसून ठेवली होती. मी कोणाचं काही घेत नाही हो. चहा तेवढा घेतो, कारण नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटतं.

बायकोचं यावर म्हणणं असं, की "घरात दूध किती वाजता येतं ते माहीत नाही, आणि म्हणे आठशे मुलांच्या वेळा सांभाळतात." तिच्याकडे मी लक्ष देत नाही.

तर माझं हे राज्य 'तासिका तीन' नावाच्या सॉफ्टवेअरवर चालत होतं. राखाडी पडदा, वर सात बटणं. त्यांतली चार मी वापरायचो. उरलेल्या तिघांना कधी हात लावला नाही, कारण त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. जतन करायचं बटण दोनदा दाबायचं, एकदा कामासाठी आणि एकदा मनाच्या समाधानासाठी. मध्येच अडलं, तर मॉनिटरच्या डाव्या बाजूला हलकी चापट. इतक्या वर्षांत मॉनिटर तीन झाले, चापट तीच होती. आमचा संसार सुखाचा चालला होता.

गेल्या वर्षी पडद्यावर एक चौकट उगवली. 'तासिका दहा आली आहे. आत्ता घ्यायची की नंतर?' तीननंतर एकदम दहा. मधल्या सहाजणी कुठे गेल्या, हे विचारायची सोय नव्हती. मी 'नंतर' दाबलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी समोरच्या दारातल्या काकांचा सल्ला घेतला. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे तारेवर चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा अधिकार आहे असं ते मानतात. "बेधडक 'नंतर' दाबायचं," काका म्हणाले. "मी आयुष्यात प्रत्येक गोष्टीला 'नंतर'च म्हटलं. दात काढायचाय? नंतर. घराला रंग? नंतर. बघ, काही अडलंय का माझं?" काकांचा दात त्या क्षणीसुद्धा दुखत होता, आणि गालाला हात लावून ते मला हे सांगत होते. पण सल्ला मला पटला.

आठ महिने मी इमानेइतबारे 'नंतर' दाबलं. मग सहामाहीच्या सुट्टीत, दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक करायला बसलो, तर चौकटीतलं 'नंतर' गायब! दोनच बटणं होती: 'आत्ता' आणि 'लगेच'. मी बराच वेळ दोन्हींतलं सौम्य कोणतं याचा विचार केला आणि 'आत्ता' दाबलं.

पाऊण तासानं पडदा उजळला. सगळं पांढरं. बटण म्हणून नाही. कोपऱ्यात एक गोल चेहऱ्याचं हसरं घड्याळ, त्याला दोन पाय, पायात बूट. ते उडी मारून मध्ये आलं आणि त्याच्या तोंडातून फुगा निघाला: 'मी टिकू! आज आपण काय गंमत करू या?'

अहो, वेळापत्रक ही गंमत आहे का? मी जतन करायचं बटण शोधलं. टिकू म्हणाला, 'आता जतन करावं लागत नाही. तुम्ही जे कराल ते आपोआप जतन होतं आणि सगळ्यांच्या फोनवर जातं!' म्हणजे माझ्या चुकासुद्धा. मी सवयीनं डाव्या बाजूला चापट मारली. टिकू दचकला आणि पाय झाडत उजवीकडे जाऊन उभा राहिला.

मी हार मानणारा नाही. पिवळ्या चिठ्ठ्यांवर जुन्या सातही बटणांची नावं लिहिली आणि पडद्यावर जुन्या जागी ओळीनं चिकटवली. त्यानं काम होत नव्हतं, पण धीर यायचा. दोनदा मी माउसचा बाण चिठ्ठीखाली नेऊन खरोखर दाबलं, आणि दोन्ही वेळा आठवी अ ची प्रार्थना रद्द झाली.

मग मदतकेंद्राला फोन केला. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे मी बावीस मिनिटं ऐकलं. शेवटी एक मुलगी बोलली.

"सर, तुम्हाला नव्या आवृत्तीत काय आवडलं नाही?"

"नवी आवृत्ती."

"ओके सर. आणखी काही?"

मी जुनी परत मागितली. ती म्हणाली, शाळेच्या कार्यालयाकडून अर्ज पाठवा. कार्यालयातल्या हेडक्लार्कनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला, पुस्तक वाचलं, चष्मा पुन्हा पुसला आणि सांगितलं, की जुनी आवृत्ती परत मिळवण्याचा अर्ज आता फक्त नव्या आवृत्तीतूनच भरता येतो. मी म्हटलं, "मला नवी येत असती तर जुनी कशाला मागितली असती?" ते म्हणाले, "तसं त्या अर्जात कारण म्हणून लिहा."

आणि हे सगळं कमी होतं म्हणून की काय, टिकूनं एक लाल पाटी नाचवली: 'एका शिक्षकाची माहिती अपूर्ण आहे! श्री. क. ख. ग.'

इथे मला एक कबुली द्यावी लागते. आमच्या शाळेत क. ख. ग. नावाचे शिक्षक नाहीत. कधीच नव्हते.

त्याचं असं झालं. नऊ वर्षांपूर्वी चित्रकलेच्या बाई माझ्याकडे आल्या. त्यांचं घर शाळेसमोर, रस्ता ओलांडला की दार. घरात आई एकटी, अंथरुणाला खिळलेली नाही पण हात थरथरतात, स्वतःच्या हातानं जेवता येत नाही. बाई म्हणाल्या, "सर, पाचवा तास मला मोकळा मिळाला तर चाळीस मिनिटांत भरवून येते. मोठ्या बाईंना विचारलं, त्यांनी नियमावर बोट ठेवलं." मोठ्या बाई म्हणजे आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका. आता पाचव्या तासाला सातवी ब ला वाचनाचा तास असतो, तो बाईंच्या वाट्याला होता, आणि त्याला दुसरा शिक्षक दाखवणं भाग होतं. बाकी सगळे वर्गांवर. मुलं काय, ग्रंथालयात बसून वाचतात, तिथे ग्रंथपाल असतातच. फक्त रकाना भरायचा होता. मी त्यात टाइप केलं: कखग. तासिका तीननं हूं की चूं केलं नाही. बाई रोज रस्ता ओलांडू लागल्या. आम्हा दोघांशिवाय आणि ग्रंथपालांशिवाय हे कोणाला माहीत नव्हतं.

(पाचव्या तासाला मीही मोकळा असतो, हे चाणाक्ष वाचक म्हणतील. पण तो वेळ मी भूगोलाच्या खोलीत नकाशांची निगा राखण्यात घालवतो. त्या खोलीत एक आरामखुर्ची आहे, तिचा याच्याशी काही संबंध नाही.)

तासिका दहा मात्र कखगची माहिती भरल्याशिवाय पुढे सरकेना. जन्मतारीख? मी त्याला माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान ठेवला. आपल्याच हातानं नेमायचा तर म्हातारा कशाला नेमा. पदवी? एक लिहिली, मग वाटलं बिचाऱ्याला कोणी नाही, अजून एक लिहिली. नेमणुकीचं वर्ष, नऊ वर्षांपूर्वीचं. फोन? माझा जुना फोन बायको टाकू देत नाही म्हणून कायम माझ्या पिशवीत पडलेला असतो, त्याचा नंबर दिला. फोटो? मी कुंडीचा फोटो लावला. टिकू म्हणाला, 'चेहरा दिसत नाही!' मग हाताशी होता तो मेहुण्याचा लावला. माझा मेहुणा बाथरूमच्या टाइल्स विकतो. दिसायला भारदस्त आहे, काही विचारलं की आधी मान डोलावतो. शिक्षक म्हणून खपण्यासारखा.

टिकूनं आनंदानं गिरकी घेतली आणि विचारलं, 'सगळ्यांचा भार समतोल करू का?' त्याच्या खाली 'नको' असं बटण असावं, पण ते माझ्या पिवळ्या चिठ्ठीखाली होतं, म्हणून दिसलं ते 'हो' दाबलं.

सोमवारी शाळेत गेलो तर सगळ्यांच्या फोनवर वेळापत्रक हजर. टिकूला असं आढळलं होतं, की श्री. क. ख. ग. यांच्याकडे दोन पदव्या असून आठवड्याला फक्त पाच तास आहेत. हा अन्याय त्यानं दूर केला होता. कखगना सोळा तास, दहावीचं गणित, मधल्या सुट्टीत जिन्यावर देखरेख. शिवाय ते सातवी ब चे वर्गशिक्षक. पालकांना तसे संदेशही गेले होते.

मला वाटलं, आता बोंबाबोंब होणार. कोणी तरी विचारणार, हा कखग कोण? पण एकानंही विचारलं नाही. ज्यांचे तास कमी झाले होते ते खूश होते, त्यांना कखग देवासारखे धावून आले होते. मी शिक्षकांच्या खोलीत हळूच विषय काढला.

"कखग ना? भेटलो की परवा जिन्यात," खेळाचे सर म्हणाले. "जरा अबोल आहेत, पण माणूस सज्जन."

"माझ्याकडून खडू घेऊन गेले," शास्त्राच्या बाई म्हणाल्या. "परत नाही दिला."

मोठ्या बाईही गप्प. आत्ताच्या मोठ्या बाई सहाच वर्षांपूर्वी आल्या. कागदावर कखग नऊ वर्षांचे जुने. आपल्याच शाळेतला नऊ वर्षांचा माणूस आपल्याला ठाऊक नाही, हे मुख्याध्यापिकेनं कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्या एवढंच म्हणाल्या, "कखग सरांना सांगा, मला एकदा भेटून जा म्हणावं. गडबड नाही."

मग सुरू झाली माझी फरफट. सोळा तासांपैकी वाचनाचे पाच ग्रंथालयात निघायचे. उरलेले अकरा मी धावत पळत घ्यायचो. वर्गात शिरायचं, "कखग सर जरा कामात आहेत" म्हणायचं, आणि दहावीला गणित शिकवायचं. भूगोलाच्या माणसानं. मी त्यांना सगळी गणितं नद्यांच्या लांबीवर घातली. आठवड्यात माझं दोन किलो वजन उतरलं. बायको म्हणाली, "बरं झालं. डॉक्टर कधीचे सांगत होते."

यात कळस केला तो हजेरीनं. तासिका दहामध्ये शिक्षकाचा फोन शाळेच्या आवारात आला की हजेरी आपोआप लागते. माझा जुना फोन माझ्या पिशवीत. म्हणजे मी शाळेत आलो की कखगही आले. पण माझ्या नव्या फोनची बॅटरी दोन दिवस उतरली होती, आणि जुना फोन, जुन्या वस्तूंप्रमाणे, दमाचा होता. महिन्याअखेरीस टिकूनं यादी लावली. सर्वाधिक वक्तशीर शिक्षक: श्री. क. ख. ग., शंभर टक्के. तळाला मी, दोन दिवस विनापरवानगी गैरहजर. पालकांनी तारे द्यायचे असतात, त्यातही कखगना पाचपैकी पाच. कारण त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. एका पालकानं तर लिहिलं होतं, 'यांच्यामुळे घरात शांतता आहे.' मला साडेतीन तारे. एकोणीस वर्षं मी या शाळेत हाडाची काडं केली, आणि साडेतीन तारे! ज्याला मी माझ्या दोन बोटांनी जन्म दिला, तो माझ्या डोक्यावर बसला होता. खोटं कशाला सांगू, मला त्याचा मत्सर वाटू लागला.

आणि मग ती घटना घडली. मी चष्मा घरी विसरलो. बायकोनं तो तिच्या भावाबरोबर पाठवला, कारण तो त्याच बाजूला टाइल्स दाखवायला निघाला होता. मेहुणा शाळेच्या दारातून आत आला आणि समोरून मोठ्या बाई. त्यांनी फोनवरचा फोटो रोज पाहिलेला.

"या, या सर!" मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. "कधीची वाट बघतेय. अगदी योग जुळून येत नव्हता."

मेहुणा विक्रेता आहे. त्याला आयुष्यात कोणी "या, या" म्हटलेलं नाही, सगळे दार लावून घेतात. तो भारावला. मान डोलावली. "आज तुमचा तास बघते," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्याला थेट दहावीच्या वर्गात नेऊन उभं केलं. मी जिन्यावरून हे पाहिलं. चष्मा नव्हता तरी भावोजी होण्याचं दुर्दैव डोळ्यांना स्पष्ट दिसतं. मी धावलो, पण दार लागलं होतं. खिडकीतून ऐकू आलं ते असं:

"या खोलीची लांबी किती? मोजा पावलांनी. रुंदी? आता मला सांगा, एक फुटाची फरशी किती लागेल? तुटफूट धरा. तुटफूट धरायला कधी विसरायचं नाही."

मुलं जमिनीवर उतरली होती. कोणी पावलं टाकत होतं, कोणी फळ्यावर आकडे मांडत होतं. माझ्या नद्यांवर ज्या पोरानं कधी मान वर केली नव्हती ते पोर ओरडत होतं, "सर, दाराच्या कोपऱ्यात अर्धी लागेल!" तास संपला तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई भारावून बाहेर आल्या.

"असं शिकवतात," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही जरा बघत जा."

मेहुण्याला मी कोपऱ्यात घेतलं.

"भावोजी, फार चांगल्या आहेत तुमच्या बाई. शाळेतल्या सगळ्या बाथरूमची मापं घेऊ दिली."

"अरे, तू काय काय कबूल केलंस?"

"जे विचारलं ते. मी कधी कोणाला नाही म्हणत नाही. पुढच्या सोमवारी माझा सत्कार आहे. आणि ते वेळापत्रक का काय, तेही मी बघावं म्हणाल्या. मी हो म्हणून टाकलं."

त्याच दुपारी मी तासिका दहा उघडलं, तर टिकू हात जोडून उभा. 'आपण केलेल्या सेवेबद्दल आभार! वेळापत्रकाचे नवे प्रमुख: श्री. क. ख. ग.' माझा पासवर्ड चालेना. एकोणीस वर्षांचं राज्य एका नसलेल्या माणसाकडे गेलं होतं. खाली आलो तर खेळाच्या सरांनी चहा घेतला होता, एकट्यानं. माझ्या स्कूटरवर धूळ होती.

घरी काकांना हे सांगितलं. गालाला हात लावून ते म्हणाले, "गप्प बस. कोणी विचारलं तर 'नंतर सांगतो' म्हण."

मी गप्पच बसलो असतो. पण दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या बाई भूगोलाच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातावर रंग वाळलेला होता, तो त्या नखानं काढत होत्या.

"सर, सोमवारपासून मला पाचव्या तासाला सातवी ब आहे. वाचन. मोठ्या बाई म्हणाल्या, कखग सरांसारखा माणूस वाचनाच्या तासाला वाया कशाला घालवायचा. पाचव्या तासाला आता त्यांना दहावीचे जादा तास दिलेत."

मी मांडीवरचा नकाशा गुंडाळू लागलो.

"तुम्ही खूप केलंत हो. नऊ वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. आईला समजावते आहे, की मी संध्याकाळी येऊन भरवीन. ती ऐकते, पण मग विचारते, कखग सरांना बरं नाही का? मी तिला एवढंच सांगितलं होतं ना, की माझ्याऐवजी तासाला ते असतात. रोज दोन घास खाल्ले की म्हणते, त्या कखगचं भलं होवो. तो आहे म्हणून मी गरम जेवते."

एवढं बोलून त्या गेल्या. मी आरामखुर्चीत बसलो होतो. खरं सांगतो, ती खुर्ची मला त्या दिवशी पहिल्यांदा टोचली. मी माझ्या ताऱ्यांवर जळत होतो, चहावर रुसलो होतो, आणि पलीकडे एक म्हातारी कोणा नसलेल्या माणसाला आशीर्वाद देत होती. लाज वाटली मला. उठलो आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो.

"बाई, कखग नावाचं कोणी नाही."

"म्हणजे? राजीनामा दिला?"

"जन्मच झालेला नाही."

मी सगळं सांगितलं. मोठ्या बाई आधी पाणी प्यायल्या. मग माझं पाणी प्यायल्या.

"मग काल दहावीला शिकवलं ते कोण?"

"माझा मेहुणा. टाइल्स विकतो."

"मी त्यांच्या अध्यापनावर वर अहवाल पाठवलाय हो! चार पानी! 'मी यांना सहा वर्षं जवळून पाहते आहे' असं लिहिलंय त्यात!" त्यांनी डोकं धरलं. वर पाहिलं तेव्हा आवाज खाली आला होता. "चित्रकलेच्या बाईंचं मला सरळ का नाही सांगितलंत? मी नाही म्हटलं असतं?"

"आधीच्या मोठ्या बाई नाही म्हणाल्या होत्या."

"मी त्या आहे का?"

सहा वर्षांत त्यांना विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही शिक्षक माणसं, मुलांना रोज सांगतो, शंका असेल तर हात वर करा.

"त्यांना रोज जाऊ दे घरी, मी लेखी देते," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण सातवी ब ला कोणी तरी हवंच. आता सगळं सगळ्यांच्या फोनवर दिसतं. पाचव्या तासाला मोकळं कोण असतं?"

मी छताकडे पाहिलं. "तसं कोणी नाही. सगळे वर्गांवर."

मोठ्या बाईंनी टेबलावरचा संगणक माझ्याकडे वळवला आणि टिकूला विचारलं. टिकूनं बुटांनी दोन टणाटण उड्या मारल्या. 'पाचव्या तासाला एक शिक्षक मोकळे आहेत! भूगोल! गेली एकोणीस वर्षं!'

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे स्वतःचा एक तास द्यायचा नाही म्हणून तुम्ही अख्खा माणूस तयार केलात?"

"नकाशांची निगा…" मी म्हणालो.

कखगना काढून टाकू म्हटलं, तर टिकू म्हणाला, सत्र संपेपर्यंत कोणत्याही शिक्षकाला काढता येत नाही. वर गेलेला अहवालही परत येत नाही. तेव्हा मोठ्या बाईंनी निकाल दिला. कखगचे बाकीचे तास ज्याचे त्याला परत. वेळापत्रक माझ्याकडे परत, कारण टिकूशी भांडायला दुसरं कोणी तयार नाही. आणि पाचव्या तासाला सातवी ब वर श्री. क. ख. ग. जातील. "सत्र संपेपर्यंत कखग म्हणजे तुम्ही." सत्कार मात्र झाला. मेहुण्याला फुलांचा गुच्छ मिळाला. माणूस खरा होता, नावच खोटं होतं, असं म्हणून मोठ्या बाईंनी मनाचं समाधान करून घेतलं.

मी सातवी ब वर जाऊ लागलो. मला वाटलं, मुलं वाचत बसतील आणि मी जरा टेकेन. पण ग्रंथालयात आरामखुर्ची नाही, लाकडी स्टूल आहे. मग मी मुलांना वाचलेलं समजलं का ते विचारू लागलो, नकाशावर जागा दाखवू लागलो. एकदा उत्साहाच्या भरात चाळीस मिनिटं बोललो. महिन्याअखेरीस तारे आले. श्री. क. ख. ग. पाचवरून चारवर घसरले होते. खाली कोणी तरी लिहिलं होतं: 'कखग सर आधी चांगले होते. आता येतात.'

ग्रंथालयाची खिडकी रस्त्याकडे आहे. पाचव्या तासाची घंटा झाली की चित्रकलेच्या बाई फाटकाबाहेर पडतात, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडतात. समोरच्या दारात खुर्ची टाकून त्यांची आई बसलेली असते. एकदा बाईंनी खिडकीकडे बोट दाखवून तिला काही तरी सांगितलं. म्हातारीनं तो थरथरता हात वर केला आणि बराच वेळ तसाच धरला. मीही हात केला. मुलं म्हणाली, "सर, वाचन चालू आहे."

सत्र संपलं त्या दिवशी टिकू नाचत आला. 'सातवी ब, पाचवा तास! आता श्री. क. ख. ग. यांच्या जागी तुमचं खरं नाव घालू का?' खाली दोन बटणं होती. एक 'आत्ता'. आणि दुसरं, कुठून परत आलं कोण जाणे, 'नंतर'.

मी 'नंतर' दाबलं. सवयीनं दोनदा.